पेटीचं झाकण

मानवतच्या मोंढ्याजवळ, धान्याच्या बाजाराला लागूनच, माझं बॅटऱ्यांचं दुकान हाय. लोक मला तिरसट म्हणतात, म्हणू द्या. एक गोष्ट मी गिऱ्हाइकाला दहादा बजावतो: चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून गॅस निघतो, अन् तो एका ठिणगीनं भडकतो. दहादा बजावतो, पण कुणाला, ह्याचा इचार मी ब्याण्णव सालापोतर केलाच नव्हता.

त्या साली दत्तरावांच्या रायभाननं घरी कॉम्प्युटर आणला. मतदारयादी टाइप करायचं काम त्याला मिळालं व्हतं. पण आमची लाइट ही अशी, घडीत पिवळी, घडीत भडक, घडीत गुल. दोनदा आख्ख्या गावाची नावं पडद्यावरून गेली. मग त्यानं इन्व्हर्टर घेतला अन् बॅटरी माझ्याकडून नेली, ट्रॅक्टरचीच.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी जोडणी बघायला गेलो. खोलीच्या खिडक्या गच्च बंद. धुळीनं मशीन बिघडती म्हणे. अन् बॅटरी ठेवली कशात, तर सुतारानं केलेल्या पेटीत. वर घट्ट झाकण, झाकणावर रायभानच्या आईनं, केशरबाईनं, विणलेला रुमाल. झाकण उचललं तर आतून बुडबुड आवाज, अन् वास असा की नाक झोंबलं. माझं टाळकंच सरकलं.

बापलेकांना मी चांगलं झापलं. गॅस कोंडायलाय, खिडक्या उघडा, हे झाकण फेका, जवळ काडी ओढू नका, ओढली तर ॲसिड उडून डोळे जातील, असं सांगत व्हतो. तेवढ्यात केशरबाई चहा घेऊन आल्या अन् मी गप झालो. बाईमाणसापुढं मशीनचं काय बोलायचं, अशी आपली रीत. पाऊसपाण्याचं बोललो. रायभान म्हणला, उद्या सुट्टी हाय, उद्या करतो. केशरबाईनं झाकण बसवलं, रुमाल सारखा केला. ते मी बघितलं अन् कप ठेवून निघालो.

दुसऱ्या दिवशी माझी बायको बायनाबाई पूजेचं ताट घेऊन दुकानात आली. खंडेनवमीला ज्याच्यावर पोट चालतं ते पुजायचं. निरांजन तिनं उंबऱ्याबाहेर ठेवलं अन् आत येऊन बॅटऱ्यांना नुसतं हळदकुंकू लावलं. लग्न झालं त्या सालीच मी तिला तसं बजावलं व्हतं. तिचा हात बघता बघता एकदम ध्यानात आलं. दत्तरावांच्या घरी पूजा कोण करतं?

सायकल काढली. मोंढ्यात गाड्याच गाड्या, वाट मिळंना. दारादारात विळे, कुऱ्हाडी, स्कुटरी मांडलेल्या, झेंडूची फुलं अन् पुढं दिवा. दत्तरावांच्या ओसरीवर विळे व्हते, पेरणीची पाभर व्हती, शिलाई मशीन व्हती. सगळ्यांना ताजं कुंकू. दिवा तेवढा तिथं नव्हता.

"वहिनी, झाकण उघडू नका!" मी वरडलो, अन् आत धाडदिशी आवाज झाला.

खोलीत झाकणाच्या चिरफळ्या पडल्या व्हत्या. केशरबाई तोंड धरून खाली बसल्या व्हत्या, पदराला जागोजाग भोकं पडायली व्हती. मी त्यांना ओढत रांजणापाशी आणलं अन् तोंडावर तांब्यामागं तांब्या ओतायला लागलो. दत्तराव जीप आणायला पळाले. रायभान दारात उभा. मी त्याच्यावरच घसरलो. काल बजावलं व्हतं की न्हाई तुला, डोळे जातील म्हणून बजावलं व्हतं की न्हाई? त्यानं मान हलवली.

डावा डोळा गेला, हे परभणीला नेल्यावर कळलं. पण त्या वक्ती, पाणी गळायलेलं तोंड माझ्याकडं करून, केशरबाई हळूच म्हणल्या,

"पूजा तर मी करते, भाऊ. मला कामून न्हाई सांगितलं?"

रांजण रिकामा झाला तरी मी तांब्या बुडवायलोच व्हतो.