दवाखान्यातला बाक आणि स्टीलचा चमचा

मित्रांनो, मी दवाखान्यातला एक जुना बाक आहे. सरळ पाठीचा, दोन हातांचा, अस्सल सागवानी. माझ्याबद्दल वावगं बोलायची एके काळी कुणाची छाती नव्हती. आता माझ्या पोटाखाली लोखंडी कड्या आहेत, आणि त्या कशासाठी आहेत हे ऐकाल तर तोंडात बोटं घालाल. म्हणून आधीच बजावतो, ही गोष्ट मोठ्यांची आहे. आसपास कुणी लहान असेल तर त्याला बाहेर खेळायला पाठवा आणि मगच माझ्याशेजारी बसा.

मला घडवलं एका दातांच्या डॉक्टरांसाठी. त्यांच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून मी उभा असायचो. माणसं गाल धरून यायची आणि नंबर लागेपर्यंत माझे हात घट्ट आवळून बसायची. त्यांच्या तळव्यांच्या घामानं माझ्या हातांवरचं पॉलिश पार उडून गेलं. आतलं दार नीट लागत नसे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. डॉक्टर प्रत्येकाला गोड आवाजात सांगत, दुखलं तर हात वर करा, मी लगेच थांबेन. मग यंत्र सुरू व्हायचं, हात वर व्हायचा, आणि डॉक्टर म्हणायचे, ‘हो हो, झालंच, एवढं एकच.’ थांबायचे मात्र कधीच नाहीत. माणूस हुशार होता, दाताचं कामही चोख करायचा, पण वर झालेल्या हाताला त्याच्या लेखी काडीची किंमत नव्हती. मला वाटायचं, जगाची रीतच अशी असणार.

डॉक्टर थकले, दवाखाना त्यांच्या पुतण्याकडे गेला. त्यानं चकचकीत खुर्च्या आणल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली केली. रंगाचे डबे, फाटकी पायपुसणी आणि मी. कुणी धूळसुद्धा झटकेना. आता आपली लाकडं होणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

तेवढ्यात ती आली. सोफे आणि गाद्या शिवणारी बाई, पुतण्याच्या खुर्च्यांची कव्हरं बदलायला आलेली. तिनं माझ्या पाठीवर बोटांनी टकटक केलं, खाली वाकून माझे सांधे पाहिले आणि मला मागून घेतलं. संध्याकाळी तिचा नवरा हातगाडी घेऊन आला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला. माझा एक पाय दाराला आपटला तेव्हा त्यानं माझीच माफी मागितली. असा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

घर तसं लहानच. एक खोली या दोघांची, पलीकडची त्याच्या आईची, आणि मधली भिंत पातळ. आई नुकत्याच राहायला आल्या होत्या. माझी जागा नवराबायकोच्या पलंगाच्या पायथ्याशी ठरली. मला वाटलं, आता माझ्यावर घड्या घातलेले कपडे ठेवतील आणि म्हातारपण सुखात जाईल.

कसलं सुख आणि कसलं काय! दुसऱ्याच दिवशी त्यानं मला उलटं केलं आणि माझ्या पोटात भोकं पाडायला सुरुवात केली. दवाखान्यात जन्म काढला, पण ते यंत्र कधी माझ्या अंगाला लागलं नव्हतं. वर त्याच्या हाताला सवय चष्म्याच्या स्क्रूंची. त्यानं इवलेसे स्क्रू लावून कड्या बसवल्या आणि कौतुकानं बायकोला बोलावलं. तिनं दोन्ही पाय माझ्यावर रोवून एक कडी ओढली. कडी हातात आली, सोबत माझा एक टवकाही निघाला. ती इतकी हसली की तिला खालीच बसावं लागलं. मग तिनं स्वतः आरपार बोल्ट घातले, खालून नट आवळले, आणि नवऱ्याला लोंबकळायला लावून खात्री करून घेतली. वर उशी शिवली, उशीला लांब झालर लावली, आणि कड्या झाकून गेल्या.

तोवर मला पत्ता नव्हता की हे कशासाठी चाललंय. मग ती जुन्या गाडीच्या सीटबेल्टांचे पट्टे शिवू लागली. आतून मखमल, बाहेरून बकल, मनगटाच्या मापाचे. तिच्याच मनगटाच्या मापाचे, मित्रांनो. माझे डोळे पांढरे व्हायचेच बाकी राहिले. हिला बांधणार? आणि हिनंच पट्टे शिवायचे? मी मनातल्या मनात त्या गरीब दिसणाऱ्या नवऱ्याला नाही नाही ते बोललो.

पण दोघं चहाचे कप घेऊन माझ्यावर बसली आणि बोलू लागली, तेव्हा तर मी गारच झालो. हे सगळं तिच्या मनातलं होतं. तिनंच आधी विषय काढला होता. काय चालेल, काय नाही, मधेच मन बदललं तर काय, हे एखाद्या प्रवासाची तयारी करावी तसं ती सांगत होती. तो मधे मधे विचारत होता, आणि जे तिला नको ते दुसऱ्यांदा विचारत नव्हता. खेळात ती मान हलवेल, नको नको करेल, ते खरं धरायचं नाही. खरी खूण एकच. तिच्या मुठीत स्टीलचा चमचा राहील. चमचा खाली पडला की सगळं त्या क्षणी थांबवायचं. शिवाय त्यानं अधूनमधून तिची बोटं चाचपायची, गार लागली तर पट्टा सोडायचा. कापड कापायची कात्री माझ्या हाताला टांगलेली असायची. ऐकून मला डॉक्टर आठवले. वर झालेले ते सगळे हातही आठवले.

पुढचं मी सांगणार नाही. दवाखान्यात वाढलोय, बंद दाराआडचं बाहेर बोलायचं नसतं एवढं मला कळतं. एवढंच सांगतो की त्या खोलीत मी जितकं हसू ऐकलं, तितकं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

घोळ झाला तो पलीकडच्या खोलीमुळे. आई दुपारी जेवून झोपायच्या आणि त्यांना चाहूल लागू नये म्हणून या दोघांचा जीव वरखाली व्हायचा. आधी त्यांनी माझे सांधे सरस भरून पक्के केले, म्हणजे मी करकरणार नाही. मग ती तोंडावर ओढणी बांधून घेऊ लागली. मग माझ्याखाली जाड गालिचा आला आणि गालिच्याखाली स्पंज. घर अगदी चिडीचूप झालं. आपण किती हुशार, असं दोघांना वाटलं.

एका सुट्टीच्या दुपारी ती माझ्यावर पालथी होती. हात पट्ट्यांत, तोंडाला ओढणी, उजव्या मुठीत चमचा. तिचा डावा हात माझ्या कडेवर दाबला जात होता. आधी तिनं खांदा हलवून पाहिला, मग मान जोरजोरात हलवली. तो खिडकीचा पडदा सारखा करत होता. त्यानं वळून पाहिलं, खेळच समजून हसला आणि पुन्हा पडद्याकडे वळला. तिनं मूठ उघडली. चमचा पडला.

आवाज झालाच नाही.

मी करकरायचा प्रयत्न केला, सगळं बळ लावलं, पण माझे सांधे त्यांनीच मुके करून ठेवले होते. ती घशातून कण्हत होती आणि ते ओढणीतच जिरत होतं. अखेर तो बोटं चाचपायला आला आणि त्याचा पाय चमच्यावर पडला. त्याचा चेहरा पांढराफटक झाला. बकल सोडत बसला नाही, कात्रीनं दोन्ही पट्टे कापले आणि तिचा हात चोळत राहिला. बऱ्याच वेळानं बोटांत जान आली.

‘मी चमचा टाकला होता,’ ती म्हणाली.

‘मला ऐकू आलं नाही गं.’

ती आपला हात सोडवून घेऊन पलंगावर जाऊन बसली. तो जमिनीवर बसून रडला. मला फोडून जाळून टाकतो म्हणाला. तिनं फक्त माझ्यावर कपड्यांचा ढीग ठेवला. त्यानंतर दोघं एकमेकांशी फार जपून बोलू लागली, पाहुण्यांसारखी. आपला हात पुन्हा याच्या हाती द्यावा की नाही, हे तिचं तिला ठरवता येत नव्हतं, आणि तो विचारायला धजत नव्हता.

तिच्या मनगटावर वळ उठला होता. तो दुकानात गेलेला असताना आई खोलीत आल्या, कपडे बाजूला केले आणि सुनेला शेजारी बसवून घेतलं. तिची बाही त्यांनी स्वतःच्या हातानं वर सारली.

‘खरं सांग. तो तुझ्यावर हात उगारतो? माझा मुलगा आहे म्हणून गप्प बसू नकोस. तसं असेल तर आज या घरातून तो बाहेर पडेल, तू नाही.’

ती आधी रडली. मग नाही म्हणाली. मग जेवढं सांगता येण्यासारखं होतं तेवढं तिनं सांगितलं, पट्टे, चमचा, आणि हे आपणच मागितलं होतं तेही. आईंच्या चेहऱ्यावर एक रंग येत होता, एक जात होता. मला वाटलं, म्हातारी आता हाय खाणार. त्यांनी उशीची झालर बोटानं उचलून खालची कडी पाहिली. मग त्यांनी एकच विचारलं.

‘तू थांबवलंस की तो थांबतो?’

‘थांबतो. त्या दिवशी त्याला ऐकूच आलं नाही. तुमची झोप मोडू नये म्हणून आम्ही गालिचा घातला होता.’

आईंनी कानातलं ऐकायचं यंत्र काढलं आणि तळहातावर धरून तिला दाखवलं.

‘दुपारी मी हे डबीत ठेवून झोपते. भिंत कोसळली तरी मला कळायचं नाही. गालिचा काढा.’ यंत्र परत कानात बसवत त्या उठल्या. ‘आणि यापुढे मला यातलं काही सांगू नकोस.’

ती तोंड उघडं टाकून बसून राहिली. मीही, मित्रांनो, जागच्या जागी उभा असूनही पडतो की काय असं मला झालं.

संध्याकाळी गालिचा गुंडाळून बाहेर गेला, स्पंज गेला, ओढणी कपाटात गेली. उघड्या फरशीवर ती चमचा टाकून बघायची आणि तो पाठ करून, खिडकीशी जाऊन, दाराबाहेर उभा राहून ऐकायचा. पट्टे तिनं नवे शिवले, पण बरेच दिवस ते ड्रॉवरमध्येच राहिले. तो त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. मग एका दुपारी तिनं ते स्वतःच बाहेर काढले आणि दोन्ही मनगटं त्याच्यापुढे धरली. त्यानं आधी चमचा तिच्या मुठीत दिला.

थोड्याच वेळात चमचा खणकन पडला. फरशीवर तो अजून थरथरत होता, तोवर एक बकल सुटलंसुद्धा होतं. त्यानं दुसरं सोडलं, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि कुठे दुखतंय म्हणून विचारलं.

‘कुठेच नाही,’ ती म्हणाली. ‘बघत होते.’

मला वाटलं, आता हा चिडणार.

‘बघत जा,’ तो म्हणाला.

मित्रांनो, माझं आता वय झालं. माझे नट मधून मधून आवळत जा, उशी उन्हात टाकत जा, वाळवी लागू देऊ नका, एवढंच माझ्यासाठी मागतो. पण ज्यांनी माझे हात आवळून धरले आणि आत जाऊन व्यर्थच हात वर केला, त्या सगळ्यांच्या वतीनं आणखी एक मागतो. बंद दाराआड तुमचं काय चालतं ते तुमचं तुम्ही बघा. फक्त चमचा पडला की ऐकू येईल, एवढी फरशी उघडी ठेवा.