कुशीवर झोपणारे मासे

माशांचं मला कौतुक होतं ते फक्त ताटातल्या. उत्तनची कोळीण दारावर आली की बोंबलांसाठी मी अर्धा तास घासाघीस करायची. पण काचेच्या पेटीत मासे ठेवायचे, त्यांना कोमट पाणी, दिवा, वर लपायला लाकूड द्यायचं, हे थेर मला पटले नव्हते. भाईंदरला ब्लॉक घेतला तेव्हा हॉलच्या त्या भिंतीला शोकेस करायची असं मी मनात पक्कं केलं होतं. शोकेसच्या जागी चार फुटी टाकी आली.

टाकीत सहा लोच. नारिंगी अंग, त्यावर तीन रुंद काळे पट्टे, तोंडाशी बारक्या मिशा. "यांच्या नावातच लोचा आहे," असं मी पहिल्याच दिवशी म्हणाले आणि शशिकांत, म्हणजे आमचे हे, पोट धरून हसले. पोस्टात तीस वर्षं काढूनही या माणसाचं हसू शाबूत होतं. मी विचारलं, सहा कशाला, एक पुरे की. तर म्हणाले, "हा एकटा ठेवला तर खात नाही. कोपऱ्यात बसून खंगतो. पाच-सहा लागतातच." आणखीही बरंच सांगायचे ते माशांबद्दल. मी तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत असायचे. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा ते सगळं ऐकायला दुसरं कुणी नव्हतंच.

२००६ च्या फेब्रुवारीत शशिकांत गेले. जेवून दिवाणावर आडवे झाले, डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. मी भांडी घासली, तांदूळ निवडले. मधे एकदा हॉलमध्ये आले तेव्हा अंग गार पडेल म्हणून पंखा एकवर केला. साडेचारला चहा झाल्यावर हाक मारली, मग खांद्याला हात लावला, आणि कळलं. डॉक्टर म्हणाले, दोन तास तरी झाले असतील. म्हणजे मी पंखा कमी केला तो कुणासाठी, हे मला आजही माहीत नाही.

आपल्याकडे अशा वेळी एक प्रश्न ठरलेला. शेवटचं पाणी कुणी पाजलं? शशिकांतच्या थोरल्या बहिणीने, अंबिका वन्संनी, डोंबिवलीहून येऊन उंबऱ्यातच विचारलं, "तुझ्या हातचं पाणी मिळालं ना गं शशीला?" मी हो म्हणाले. वर म्हणाले, "चमच्याने दिलं. दोन घोट घेतले." घोटसुद्धा मोजून सांगितले मी! वन्संनी मला छातीशी धरलं. मग ते दोन घोट सगळ्या नात्यागोत्यात फिरले आणि जो भेटेल तो मला भाग्याची म्हणू लागला. मी मान हलवायची. खोटं पाळलं की त्यालाही रोज खायला घालावं लागतं.

तेराव्यानंतर माणसं पांगली. मी तडक स्टेशनजवळच्या गुणवंतभाईंच्या दुकानात गेले. मासे त्यांच्याकडचेच होते. म्हटलं, टाकीसकट घेऊन जा. ते बिचारे हात जोडून म्हणाले, "ले जाऊंगा भाभी. लेकिन मेरे यहां से एक इधर जाएगा, एक उधर. लोच अकेला नहीं जीता."

माझं डोकंच फिरलं. "क्यूं नहीं जीता? मैं जी रही हूं ना?" असं भर दुकानात ओरडले आणि माशांच्या खाण्याचा डबा घेऊन तरातरा घरी आले.

मग सुरू झालं. आमच्याकडे नळाला पाणी एक दिवसाआड. आलेलं पाणी ड्रममध्ये भरून दिवसभर उघडं ठेवायचं, त्यातला औषधाचा वास उडाला की मगच टाकीत. दर रविवारी नळीने पाव टाकी उपसायची, तेवढंच नवं पाणी घालायचं. तळाला बारीक वाळू हवी, कारण हे महाशय मिशांनी उकरत हिंडतात आणि खडी टोचली की मिशा झिजतात. उरलेलं खाणं तळाशी कुजू द्यायचं नाही. हे सारं मी गुणवंतभाईंना खोदून खोदून विचारलं. ज्याने आयुष्यभर फुकट सांगितलं त्याचं ऐकलं नाही, आणि आता परक्या माणसापुढे वही घेऊन उभी राहत होते.

एका दुपारी दारावर टकटक झाली. मी लगबगीने उठले, पदर सारखा केला, दार उघडलं. कुणी नव्हतं. परत येऊन बसते तोच पुन्हा टकटक. पुन्हा दार उघडलं. समोरच्या हंसाबेन बाहेर पापड वाळत घालत होत्या, त्या म्हणाल्या, "कोई नहीं आया, उर्मिलाबेन." नंतर समजलं, लोच खाताना तसा आवाज करतात. आठ वर्षं तो आवाज या घरात होता, पण टीव्ही, कुकर आणि माझी बडबड यांत कधी ऐकू आला नव्हता. दोनदा उघडलेलं ते दार आठवलं की मला अजून लाज वाटते.

डिसेंबरात लोडशेडिंग वाढलं. तासन्‌तास हीटर बंद, पाणी गार. आठवड्यात सगळ्यांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. मी धावत दुकानात. गुणवंतभाईंनी बाटली दिली आणि तीनतीनदा बजावलं, "बोतल पे जितना लिखा है उससे आधा. इसकी चमड़ी नाजुक है, पूरा डालोगे तो दवा ही मार देगी." पंधरा दिवस मी थेंब मोजले. लाइट गेली की टाकीभोवती गोधडी गुंडाळली. हंसाबेन शाकाहारी, मासे शिजणाऱ्या माझ्या घरात पाऊल टाकत नसत, पण त्यांच्या देवघरात माझ्या माशांसाठी दिवा लागला. सहाच्या सहा वाचले. मला एवढा आनंद झाला की तो सांगायला मी शशिकांतना हाक मारली. पूर्ण, मोठ्याने. हाक मारून झाल्यावर हॉलमध्ये उभी राहिले.

आणि इतकं करून पुढच्याच महिन्यात मी माती खाल्ली. सकाळी दिवा लावला तर सगळ्यात मोठा लोच लाकडाखाली कुशीवर पडलेला. रंग उडालेला, हालचाल नाही. मी काचेवर टिचकीसुद्धा मारली नाही. मेलेलं कसं दिसतं ते मला माहीत होतं ना! जाळी घातली, त्याच्या डोळ्याखालचा काटा जाळीत अडकला, तो ओढून सोडवला. वर्तमानपत्रात गुंडाळून खाली बागेत पुरायला गेले. खड्डा करून कागद उघडला तर कल्ला हलत होता.

जिना कशी चढले ते आठवत नाही. टाकीत सोडला, संध्याकाळपर्यंत तो पाण्यात तिरका तिरका फिरला आणि मग खरोखरच गेला. गुणवंतभाई म्हणाले, "भाभी, ये मछली सोती ही ऐसे है. करवट पे. सब धोखा खाते हैं." मी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून ढसाढसा रडले. गिऱ्हाइकं बघत होती. एकाला झोपलाय म्हणून राहू दिलं, एकाला मेलाय म्हणून उचललं. दोन्ही वेळा मी जवळ बसून दोन मिनिटं बघितलं नाही, एवढीच माझी चूक, आणि ती केवढी!

वर्षश्राद्धाला अंबिका वन्सं आल्या. गुरुजी गेले, जेवणं झाली, बाकीचे पांगले. वन्सं दिवाणावर टेकल्या. त्याच दिवाणावर. मला पुन्हा सांगू लागल्या की शशीने तुझ्या हातचं पाणी घेतलं, त्यावरच मी वर्ष काढलं बघ. बोलता बोलता त्यांचं लक्ष टाकीकडे गेलं.

"अगं, हा मेला वाटतं. काढ बाहेर, आजच्या दिवशी घरात नको."

एक लोच काचेलगत वाळूवर कुशीवर पडला होता. मी खुर्ची ओढून बसले. "झोपलाय, वन्सं. कल्ल्याकडे बघत राहा."

वन्सं चष्मा सारखा करून वाकल्या. बऱ्याच वेळाने कल्ला उघडला, मिटला.

"बाई गं! तुला बरं ओळखता येतं."

"तेव्हा नाही आलं," मी म्हणाले. तोंडातून निघालंच. मग थांबता येईना. "शशिकांतना मी पाणी नाही दिलं. दोन घोट बिट काही नाही. ते झोपलेत असंच वाटलं मला. दोन तास मी घरात फिरत होते."

वन्सं माझ्याकडे बघेनात. टाकीकडेच तोंड ठेवून म्हणाल्या, "लहानपणापासून तो तसाच झोपायचा. मेल्यासारखा. आई दर वेळी नाकापुढे बोट धरून बघायची." मग थांबून, "तू नाही बघितलंस?"

"नाही. झोपमोड होईल म्हणून पाय न वाजवता आत गेले."

"म्हणजे माझा भाऊ कोरड्या तोंडाने गेला."

"हो, वन्सं."

वन्संनी डोळे पुसले नाहीत, ते आपोआप वाहत राहिले. आता या उठतील, पिशवी घेतील आणि पुन्हा या दारात येणार नाहीत, अशी मी मनाची तयारी केली. बाहेर उन्हं उतरली, हॉलमध्ये काळोखी आली. काहीतरी करायचं म्हणून मी उठले आणि टाकीच्या दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

वन्संनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "झोपमोड होईल त्याची."