निळा धूर कुणाचा

गिऱ्हाईक वकीलबाईंच्या गाडीची किल्ली फिरवली, इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघाला. नव्याने बांधलेलं इंजिन सुरुवातीला थोडा धूर काढतं, पण हा थोडा नव्हता. निळा म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. ऑइल जिथून आत शिरतंय तिथे कुणाचातरी हात चुकलाय.

आमच्या गॅरेजात इंजिनाची वाटणी ठरलेली आहे. खालचा भाग, म्हणजे पिस्टन आणि रिंगा, सासऱ्यांचा. वरचं हेड आणि त्यातले व्हॉल्व्ह माझे. नवरा गिऱ्हाइकं सांभाळतो. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा हे त्याला अजून विचारावं लागतं, पण तोरा कारखानदाराचा. सासऱ्यांचे हात हल्ली थरथरतात, कप धरला की बशी वाजते. म्हणून नवऱ्याने निकाल देऊन टाकला होता, या इंजिनाने धूर काढला तर बाबा उद्यापासून घरी. सासऱ्यांनी नुसती मान हलवली. ज्या माणसाला सुट्टीचा दिवस खायला उठतो, त्याने अशी मुकाट्याने मान हलवावी याचा मला फार राग आला होता.

"रिंगा," धुराकडे बघत नवरा म्हणाला. "बाबा, आता पुरे."

सासरे चिंधीने हात पुसत राहिले. मी म्हटलं, रस्त्यावर नेल्याशिवाय कुणी काही ठरवायचं नाही. चढावर जोर लावताना धूर आला तर रिंगा. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून, खाली आल्यावर पुन्हा दाबताना आला तर हेड.

सासरे चालवायला बसले. मी मागच्या सीटवर गुडघे टेकून उलटी, नाक काचेला. पाण्याच्या टाकीकडचा चढ लागला. त्यांनी पाय पूर्ण दाबला, इंजिन ओरडायला लागलं, आणि माझा जीव टांगणीला. मागचा रस्ता स्वच्छ होता, वरपर्यंत. टाकीपाशी वळून आम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरलो. खाली त्यांनी पुन्हा दाबलं आणि भपकन निळा लोट बाहेर पडला. मागचा सायकलवाला खोकत आमचा उद्धार करू लागला.

"बाबा, माझं आहे," मी म्हणाले. मला हसूच येत होतं. "हेड. तुमच्या रिंगा ठणठणीत आहेत."

आरशात त्यांना माझ्या डोक्यापलीकडे काही दिसलं नव्हतं. त्यांनी गाडी गॅरेजकडे वळवली. मग म्हणाले, "पोरी, माझ्यावर दया नको करूस."

गॅरेजात नवऱ्याचंही तेच. बाबांच्या चुकीवर पांघरूण घालतेस, म्हणाला. सासरे अंगातला कामाचा डगला काढून खुंटीला अडकवत होते. मी लग्नानंतर पहिल्यांदा चूक कबूल करत होते आणि ती घ्यायला कुणी तयार नव्हतं. माझं डोकं फिरलं. किल्ली घेतली, दोघांना मागे बसवलं आणि सांगितलं, तोंडं मागे करा.

चढावर मागे धूर नव्हता. उतारावर मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला तो मुद्दाम जास्त वेळ. मग दाबला.

"थांबव," सासरे म्हणाले.

मी गाडी कडेला घेतली. ते उतरून माझ्या खिडकीशी आले आणि उलटतपासणी सुरू झाली. व्हॉल्व्हच्या दांड्यावर ऑइल अडवणारं रबरी सील चढवण्याआधी टोकाला प्लॅस्टिकची टोपी घालायची, नाहीतर दांड्याच्या खाचेने रबराची कड चिरते. हे त्यांनी मला घोकून घोकून शिकवलं होतं. सगळ्यांना घातली का? मी आठवून पाहिलं. शेवटच्या एक-दोघांना घातल्याचं आठवेना.

"लक्ष कुठे होतं तुझं?"

भर रस्त्यात, मुलादेखत, इतक्या कडक आवाजात. थाप मारणं सोपं होतं.

"तुमच्या हातांवर," मी म्हणाले. "तुम्ही शेजारी रिंगा चढवत होता. हात थरथरतात का ते बघत होते. यानेच सांगितलं होतं, लक्ष ठेव म्हणून."

नवरा गाडीत खाली मान घालून बसला. सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीवर टेकलेल्या स्वतःच्या हातांकडे. ते थरथरतच होते.

"मग? थरथरत होते?"

"हो. रिंग हातात घेईपर्यंत."

त्यांचे डोळे भरून आले. ते दुसरीकडे तोंड करून खाकरले आणि गाडीला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन बसले.

"वकीलबाईंना फोन लाव," मुलाला म्हणाले. "गाडी उद्या मिळेल. सुनेनं काम बिघडवलं म्हणून सांग. आणि दुरुस्तीला मी समोर उभा राहणार आहे, तेही सांग."

नवऱ्याने फोन लावला आणि शब्दन् शब्द तसाच सांगितला.