गच्चीवरची वाफ

घड्याळजींनी पिशवीची चेन ओढली, ती अर्ध्यावरच अडकली. दोष चेनचा नव्हता. उभा जन्म घड्याळांचे केसाएवढे स्क्रू फिरवलेली त्यांची बोटं थंडीत काठीसारखी ताठ होत.

संध्याकाळच्या बसनं ते आपल्या जुन्या खोलीवर परत जाणार होते. लेकीच्या घरी कोणी वावगा शब्द काढला नव्हता. उलट लेक आणि जावई त्यांना इतकं जपत, की आपण पाहुणे आहोत असंच त्यांना वाटत राही. आणि पाहुण्यानं किती दिवस राहायचं?

वर गच्चीवर फिटर खटपट करत होता. सोलरच्या टाकीच्या नळीतून भर दुपारी फुसफुस वाफ यायला लागली, म्हणून लेकीनं त्याला बोलावलं होतं. पॅनेलांवर घरातले दिवे-पंखे आधीपासूनच चालत. हा पाणी तापवणारा सोलर मात्र तिनं बाबांच्या बोटांसाठी हौसेनं बसवून घेतला होता. बसवताना हाच फिटर म्हणाला होता, "ढगाळ दिवसांत जरा जपून वापरा हं." घरानं ते वाक्य देववाणीसारखं मनावर घेतलं होतं.

फिटर हात पुसत खाली आला. लेक कापडं बेतायची थांबली. रात्रपाळी करून झोपलेला जावईही उठून आला. तो बेकरीत कामाला होता, कानामागे पीठ तसंच होतं.

"बिघाड काही नाही," फिटर म्हणाला. "एक विचारू का? रागावू नका. या घरात आंघोळ कोण करतं?"

"म्हणजे काय?" लेकीचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"टाकी काठोकाठ भरून उकळतेय, ताई. गरम पाणी कोणी काढतच नाही. मग वाफ होऊन वरून जाणार नाही तर काय करणार?"

मग लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही तर गरम पाण्यानं करता ना?"

"मी? रात्रभर भट्टीपुढे असतो. मला गारच बरं वाटतं." जावई मान खाजवू लागला. "शिवाय बाबांना कमी पडलं तर? पण तू?"

"मला थंड पाण्यानं तरतरी येते," ती म्हणाली. थंड पाण्याचा घोट घेतानाही जिच्या दातांतून कळ जायची, ती ही लेक. मग तिचं लक्ष वडिलांच्या हातांकडे गेलं. "बाबा! तुम्हीसुद्धा?"

घड्याळजींनी हात पाठीमागे लपवले. "जावईबापू दमून येतात. म्हटलं, त्यांना राहू दे."

अख्खी थंडी तिघांनी अळीमिळी गुपचिळी करून कुडकुडत काढली होती, आणि सूर्य वर बिचारा तिघांसाठी पाणी तापवत बसला होता. आधी फिटरला हसू फुटलं, मग जावयाला. लेक हसता हसता डोळे पुसू लागली.

"तिघांना पुरून उरेल," फिटर हत्यारं गोळा करत म्हणाला. "ढगाळ दिवसांत जपून म्हटलं होतं मी, उपास करा नव्हतं म्हटलं."

जावयानं बादली भरली आणि गार पाणी मिसळत, हात घालून बघत ते बेताचं गरम केलं. "बाबा, आधी तुम्ही. आज तरी नाही म्हणू नका."

न्हाणीघरात घड्याळजी पाटावर बसले आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बादलीत बुडवले. ऊब हाडांपर्यंत गेली. बोटं एकेक करून सैल झाली. या पोरांनी आपल्यासाठी किती गार तांबे अंगावर घेतले असतील! आपल्याला पाहुणा कोणी केलं होतं? आपणच की! त्यांना फार कृतज्ञ वाटलं, आणि थोडी लाजही.

"बाबा, टॉवेल?" लेकीनं दाराबाहेरून विचारलं.

"पिशवीत आहे. अगदी तळाशी."

"मग सगळं बाहेर काढावं लागेल."

घड्याळजींनी बादलीतले हात हलवले. पाणी अजून चांगलं गरम होतं.

"काढ ना," ते म्हणाले. "आणि कपाटात ठेव."