काचपेटीतली माता

 ओसरीवरच्या काचपेटीभोवती तिघे उभे होते, आणि आतला एकुलता सोनेरी मासा तळाच्या गोट्यांवर अंग घासत होता. घासून झाले की तो क्षणभर तिरपा तरंगे आणि पुन्हा खाली झेपावे. त्याच्या पाठीवर, परांवर, डोळ्याच्या कडेलासुद्धा खसखशीएवढे पांढरे कण उगवले होते.

पेटीच्या चारही कोपऱ्यांना कडुनिंबाचे डहाळे बांधलेले होते. जमनाबाईंनी ते पहाटेच बांधले होते. घरात दोन दिवस फोडणीचा वास नव्हता, ताटात मीठ नव्हते. हे सारे कशासाठी, हे त्यांच्या नवऱ्याला, हिंमतरावांना, न विचारताच कळले होते. गेल्या चैत्रात असेच डहाळे याच ओसरीच्या चौकटीला लागले होते आणि आत, थंड शेणसारवणावर, त्यांची सात वर्षांची लेक फुली, अंगभर देवी उठलेली, डोळे मिटून पडली होती.

मासे फुलीचेच. सुरतेला कापूस विकायला गेलेल्या हिंमतरावांनी एका पारशाच्या दुकानातून ही पेटी आणि तीन मासे आणले होते, आणि खांडबारा स्टेशनापासून घरापर्यंत पाण्याची बरणी स्वतः छातीशी धरून आणली होती. फुली बांगडीने काचेवर टिचकी मारी, की तिन्ही मासे धावत येत. ती गेल्यावर जमनाबाईंनी आपली बांगडी वाजवून पाहिली होती, आणि मासे आले होते. त्यानंतर त्या रोज वाजवीत. आता दोन मासे मेले होते. उरलेला कालपासून टिचकीला येत नव्हता.

हिंमतरावांनी काचेवरून मान वर केली. "बडोद्याले जाईसन मासासना हकीम व्हयना का रे, रूप्या? मंग दाखाड काय ते!"

रूपचंद, त्यांचा धाकटा भाऊ, सकाळच्या गाडीने उतरला होता. बडोद्याच्या कॉलेजात तो शास्त्र शिकत होता. त्याने चहाही घेतला नव्हता. "मीठ लागेल, दादा. आणि ऊब. पौषाच्या गारठ्यात मासा दुबळा होतो, तेव्हाच हे वाढतं."

"टाक ना मंग! लागे तेवढं टाक."

जमनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग दिराला म्हणाल्या, "माता उनी शे, भाऊ. मायले मीठ नही चाले, आग नही चाले."

"माशाला कसली माता येतेय, वहिनी?"

"मन्ही फुलीले कसली व्हती?"

 रूपचंदने आपली लाकडी पेटी उघडली. आत, मखमलीच्या खोबणीत, कॉलेजातून सुटीपुरते मागून आणलेले पितळी सूक्ष्मदर्शक होते. काचेच्या नळीने त्याने पेटीच्या तळाचा थोडा गाळ उचलला, त्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवला, खालचा आरसा उन्हाकडे वळवला आणि बाजूला झाला.

"आधी बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

जमनाबाई पदर सावरून वाकल्या. प्रथम नुसता उजेड दिसला, दुपारच्या तापीच्या वाळूसारखा, डोळ्यांत न मावणारा. मग त्या उजेडातून काहीतरी सरकत आले.

तो एक गोल होता, धुरकट आणि भरीव, आणि तो फिरत होता. त्याला कोणी हात लावला नव्हता, वारा त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. तरी तो आपल्याच आसाभोवती संथपणे, घाई नावाची गोष्ट जन्माला यायच्या आधीच्या लयीत वळत होता. त्याच्या साऱ्या अंगावर केसांहून बारीक लव होती, आणि वाऱ्याखाली गव्हाचे शेत लवावे तशी ती लाटालाटांनी लवत होती. आणि त्याच्या पोटात एक चंद्रकोर होती. गोल वळे तशी ती वळे. कधी कड दिसे, कधी पूर्ण कोर.

जमनाबाईंच्या श्वासाची वाफ काचेवर धरली. त्यांनी पदराने काच पुसली आणि पुन्हा वाकल्या.

"हाई प्रदक्षिणा घाली ऱ्हायनी," त्या पुटपुटल्या.

"माशाच्या कातडीत राहून ते त्याला खातं," रूपचंद हलक्या आवाजात म्हणाला. "पोट भरलं की गळून तळाशी जातं, स्वतःभोवती कवच विणतं. आत एकाचे दोन, दोनाचे चार, असे शेकडो होतात. मग कवच फुटतं आणि सारे मासा शोधत निघतात. कातडीत असेपर्यंत त्याला मीठ बाधत नाही. पाण्यात उघड्यावर आलं, की तेवढ्यातच."

दुसऱ्या दिवशी ऊन ओसरीवर येताच जमनाबाई स्वतःहून सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. रूपचंदने एक कवच शोधून दिले. आतली चंद्रकोर आता नव्हती. भरल्या कणसात दाणे असावेत तसे त्या एवढ्याशा गोलात असंख्य बिंदू दाटले होते, आणि प्रत्येक बिंदू थरथरत होता. काल जिथे एक होते तिथे आज हे सारे होते, आणि जगात कोणालाही त्याची चाहूल नव्हती. आपल्या घराच्या गारव्यात, डहाळ्यांच्या सावलीत, हे चालले होते. फुलीच्या अंगातही असेच काही, इतकेच सुंदर, इतकेच मुके, फिरले असेल काय? जमनाबाईंना भीती वाटली नाही. देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकताना पाठीवरून जे थंड सरकते, ते सरकले.

त्या उठल्या. चारही डहाळे सोडून तुळशीपाशी ठेवले. मग पेटीसमोर हात जोडून, शेजारणीशी बोलावे तशा बोलल्या, "तू मोठी शे, माय. तुले मी दखं. पन हाई लेकरू मन्हं शे."

आणि मडक्यातले खडेमीठ त्यांनी स्वतः कोमट पाण्यात विरघळवले.

रूपचंद सांगे तसे त्या करीत गेल्या. पाणी एकदम नव्हे, थोडेथोडे. शेगडी पेटीला चिकटून नव्हे, हातभर लांब. रोज तळाचा गाळ नळीने उपसायचा, तेवढेच कोमट, मिठाचे पाणी भरायचे. आधी मासा अधिकच पांढरा झाला, जणू कोणी त्याच्यावर पीठ चाळले होते, आणि हिंमतराव ओसरीवर येरझारा घालीत राहिले. मग एका सकाळी शेपटी निर्मळ दिसली, पुढे पाठ. शेवटी डोळ्याच्या कडेचा कण गळाला, आणि त्याच्याखाली सोने जसेच्या तसे होते.

जमनाबाईंनी बांगडीने टिचकी मारली. मासा आला. काचेला तोंड लावून त्यांच्यासमोर ओठ उघडत-मिटत राहिला.

"वाचना!" हिंमतराव लहान मुलासारखे हसले. "रूप्या, हकीम शे रे तू! सुरतेले दुकान टाक!"

रूपचंदही हसला. जमनाबाई हसल्या नाहीत. त्यांची बांगडी अजून काचेवर टेकलेली होती.

"भाऊ, मन्ही फुली अशीच वाचती का? मिठानं, दवाईनं?"

रूपचंदने सूक्ष्मदर्शकावरची धूळ पुसली. मग पुसायला काही उरले नाही. "नाही, वहिनी. देवी एकदा अंगावर आली, की तिला औषध नाही. आजही नाही." त्याने सूक्ष्मदर्शक खोबणीत ठेवले. "येण्याआधी मात्र आहे. लस टोचणं."

 शेगडीत निखारा तडकला.

जमनाबाई नवऱ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता; त्या जणू अजून त्या उजेडाच्या वर्तुळातच पाहत होत्या.

"त्या साल टोचनारा आपला दारमा उना व्हता. तुम्ही त्याले सांगं, पोर वावरमा गयी. ती घरमा व्हती, मन्हा मांगे, मन्हा लुगडाले धरीसन. मासाले वाचाडाले तुम्ही लागे तेवढं मीठ टाका सांगं. मंग तवय खोटं कसाले सांगं?"

हिंमतरावांचे बोट काचेवर होते. मासा त्या बोटाकडे गेला आणि तिथेच ठरला. त्यांनी बोट हळूच काढून घेतले, खुंटीवरचा पटका उचलला, तो डोक्यावर न ठेवता हातातच धरला, आणि जोडे न घालताच ओसरी उतरून, टोचणारा ज्या वाटेने परत गेला होता त्याच स्टेशनाच्या वाटेने चालू लागले.