नुसतं छान

आमच्या फोटो मंडळात एकच नियम कडक आहे. पडद्यावर ज्याचा फोटो असेल त्याने तोंड उघडायचं नाही. फोटोवर नाव नसतं, सगळ्यांचं बोलून झालं की मगच काढणाऱ्याने हात वर करायचा. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणून सांगते. तोंड मिटून बसणं किती अवघड असतं ते मला या मंडळाने शिकवलं.

ताई तिथेच भेटल्या. नात्याच्या कुणी नाहीत, वाचनालयातून निवृत्त झालेल्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. सुट्टीच्या सकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही एकमेकींचे फोटो मांडायचो आणि चहा गार होईपर्यंत भांडायचो. खुर्चीचा पाय कापलाय, बाईच्या डोक्यातून खांब उगवलाय, असलं काय काय. एकदा त्यांच्या मांजराच्या फोटोला मी नुसतं छान म्हटलं, तर त्यांनी तो उचलूनच ठेवला. म्हणाल्या, "नुसतं छान परक्यांना म्हणायचं असतं ग. आपल्या माणसाला खोट दाखवायची." मला ते इतकं पटलं की पुढे कितीतरी दिवस मी ते स्वतःचंच असल्यासारखं लोकांना ऐकवत फिरले.

माझा दादा बेकरीत भट्टीवर काम करतो. फार पूर्वी भट्टीचा भडका उडून त्याचा डावा गाल भाजला. तेव्हापासून घरच्या लग्नातसुद्धा कॅमेरा दिसला की हा खुर्च्या लावायला निघून जातो. पाव काढताना त्याचा एक फोटो मी कसाबसा मिळवला, तोही उजव्या बाजूने. ताईंनी तो बराच वेळ पाहिला आणि बाजूला सारला.

"लपवते आहेस तू," त्या म्हणाल्या. "तो लपतो म्हणून तूही लपवतेस. भट्टीचा उजेड त्या डाव्या गालावर येऊ दे. विचार त्याला."

विचारायचा धीर व्हायला मला बरेच दिवस लागले. दादा पीठ मळत राहिला. मग म्हणाला, काढ, पण मंडळाच्या प्रदर्शनात लावायचा की नाही ते मी ठरवणार. घरचे गोडच बोलतील, परके काय म्हणतात ते त्याला मंडळात मागे बसून ऐकायचं होतं.

नवा फोटो पाहून ताईंचे डोळे भरून आले. खोट मात्र काढलीच, वरचा कोपरा उगाच काळा होता. तो मी कापला. आता याला हात लावू नकोस, हाच पाठव, असं त्यांनी मला बजावलं.

निवडीच्या दिवशी प्रदर्शनाचे फोटो ठरवायला मंडळात एक पाहुणे आले होते, जाहिरातींचे फोटो काढणारे. सुरुवातीलाच बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो आला. दुःख विकणारे फोटो मला सहन होत नाहीत, असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईंनीही. 

मग दादा पडद्यावर आला. खरा दादा दाराजवळ, टोपी खाली ओढून बसला होता. सगळ्यांत आधी ताईंनी हात वर केला. मला हायसं वाटलं, आधी आपलं माणूस बोलतंय.

"तंत्र ठीक आहे," ताई म्हणाल्या. "पण काढणाऱ्याने या माणसाची जखम मुद्दाम ओढून उजेडात आणली आहे. फोटोला आयतं वजन येतं. मला हे बरं वाटत नाही."

पाहुणे म्हणाले, अगदी बरोबर. मग काय, एकामागून एक मेंढरं निघाली. कुणाला गालावरून नजर हटवता येईना, कुणाला बघवेना. मी नियम का मोडला नाही? सुचलंच नाही. ताई आता 'पण' म्हणून पुढे काही बोलतील, याची मी वाट पाहत होते. हात वर केला तेव्हा दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

जिन्यात ताईंनी मला गाठलं. मनावर घेऊ नकोस म्हणाल्या. पाहुण्यांचा कल दिसतच होता, आज ना उद्या कुणीतरी तेच बोललं असतं, आणि त्यांचा स्वतःचा फोटो अजून यायचा होता. हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. दादा मागे बसला होता, एवढंच मी म्हणाले.

"मग आधी सांगायचं नाही का?" त्या म्हणाल्या. केसाने गळा कापतात तो असा.

बेकरीत गेले तेव्हा दादा मला रागावला नाही. त्याने एकच विचारलं. "पहिल्या बोलल्या त्याच ना तुझ्या ताई? डावा गाल घ्यायला सांगणाऱ्या?"

मी हो म्हटलं.

"मग त्या तेव्हा खोटं बोलल्या की आज?"

 असलं काही अडलं की मी ताईंकडेच जायचे. दादाने डावा गाल भिंतीकडे केला आणि पाव काढायला लागला. पुन्हा कॅमेरा आणू नकोस, असं तो भट्टीकडेच बघत म्हणाला.

काही दिवसांनी ताई स्वतः माझ्या घरी आल्या. त्यांचा खिडकीचा फोटो प्रदर्शनासाठी निवडला गेला होता. हसत हसत त्यांनी नवे फोटो टेबलावर मांडले. पहिल्यात त्यांच्याच डोक्याची सावली पडली होती. दुसऱ्यात तळं एका बाजूला सांडेल इतकं कललं होतं. मला सगळं दिसत होतं. मी एकेक फोटो नीट पाहिला, गठ्ठा सरळ केला आणि त्यांच्या हातात दिला.

"छान आहेत," मी म्हणाले.

त्या थांबल्या. "आणि?"

"आणि काही नाही. सगळेच छान आहेत."

त्यांचं हसू गेलं. फोटो पिशवीत घालताना त्यांनी वर पाहिलं नाही. मी त्यांना आणखी थोडा चहा घेणार का म्हणून विचारलं, कुणाही पाहुण्याला विचारतात तसं.