इरम्माच्या लुगड्याला उकळी

इरम्माचं लुगडं दूध संस्थेच्या कढईत विरघळलं, आणि ते मी विरघळवलं. नुसता काठ उरला, तोही एका बाजूचा.

आता हे वर लिहिलेलं तुम्ही वाचलंच नाही असं धरून चला. असं काही घडलेलं नाही. लुगडं शाबूत आहे, गावात फिरतंय, परवाच महालिंगप्पाच्या घरी गेलंय. मी फक्त घडलं तेवढंच सांगणार आहे, आणि तेही ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्यांच्या उपयोगासाठी. बाळ येण्याआधी घरात काय आणून ठेवावं हे त्यांना थोडंफार कळेल. काय बाहेर फेकावं हे जास्त कळेल.

आमचं गाव जळकोटपासून दोन कोस आत. इरम्मा आमच्या मागच्या आळीत राहते. तिला अकरा लेकरं झाली आणि अकराही जगली, त्यातली नऊ तर अजून एकमेकांशी भांडतातसुद्धा. अकराही बाळंतपणांत तिच्या अंगावर एकच लुगडं होतं. तेव्हापासून गावात जे लेकरू जन्मेल त्याला पहिल्यांदा त्या लुगड्यात गुंडाळायचं, असा रिवाज पडला. ज्या लुगड्यानं अकरा जगवली ते बाराव्याला कसं मारील, असं सगळ्यांचं म्हणणं. एकच अट होती. लुगडं धुवायचं नाही. धुतलं की गुण जातो.

तर ते वीस वर्षं धुतलेलं नव्हतं.

मूळ रंग हिरवा होता असं काहीजण म्हणत, काहीजण निळा म्हणत. आता त्याला रंग नव्हता, साल होती. ज्या घरी ते गेलं त्या घरानं आपली थोडी भर घातली होती. अडलेल्या शेळीच्या पाठीवरही ते टाकत, कारण गुण काय माणसापुरताच असतो का. त्याची घडी घालावी लागत नसे. कोपऱ्यात ठेवलं की ते आपलं आपण उभं राही. माश्यांचं म्हणाल तर त्यांच्या दोन-तीन पिढ्या तिथंच नांदत होत्या, आणि लुगडं दुसऱ्या घरी निघालं की बिऱ्हाड घेऊन सोबत निघत.

आमचं पहिलं लेकरू बहात्तरच्या संक्रांतीला झालं, केशरच्या माहेरी, भूमकडं. केशर म्हणजे माझी बायको. नाळ विळ्यानं कापली आणि वर चुलीतली राख शेणात कालवून लावली. सातव्या दिवशी त्यानं दूध ओढायचं सोडलं. आठव्या दिवशी गेला. या पाच वाक्यांत मला काही विनोद सापडला नाही. शोधला.

आईनं, म्हणजे धुरपताबाईनं, त्यातून एकच अर्थ काढला. भूमकडं इरम्माचं लुगडं नव्हतं. म्हणून केशर परत पोटुशी राहिली तेव्हा आईनं सांगून टाकलं की या खेपेला माहेर नाही, बाळंतपण इथंच, आणि लुगडं आठ दिवस आधीच घरात आणून ठेवायचं.

दर बेस्तरवारी आमच्या गावाला भिमाबाई नर्स यायच्या, मूळच्या तामलवाडीच्या, पण नेमणूक जळकोटच्या दवाखान्यात. त्यांनी केशरला महिन्याच्या अंतरानं दोन सुया टोचल्या आणि मला समोर बसवून तयारी सांगितली. नवीन ब्लेड आणायचं, कागद न फोडता ठेवायचं. नाळ बांधायला दोरा, तो उकळायचा. बाळुत्यांना जुनी कापडं चालतील, मऊ असतात, पण उकळून, कडक उन्हात वाळवून, स्वच्छ फडक्यात बांधून ठेवायची. बाळंतिणीला हात लावणाऱ्याची नखं कापलेली आणि हात साबणानं धुतलेले पाहिजेत. बेंबीला काही लावायचं नाही. राख नाही, तेल नाही, हळद नाही, शेण तर नाहीच नाही. पहिला चीक पिळून टाकायचा नाही, तो बाळाचा आहे. मध नको, घुटी नको. बाळाला पुसून लगेच गुंडाळायचं आणि आईजवळ द्यायचं.

मी सगळं पाठ केलं. शाळेत एवढं केलं असतं तर नर्स झालो असतो.

मग त्यांना कोपऱ्यात उभं असलेलं लुगडं दिसलं. आधी त्यांना वाटलं कुणी पाहुणं बसलंय. जवळ गेल्या, पदर नाकाला लावला आणि तशाच मागं सरत दारात आल्या.

"बिरू, हे बाळाला लावायचं का ते मला विचारू नका," त्या म्हणाल्या. "मसणवाट्यात विचारा."

आईला ते लई लागलं. आई भिमाबाईंच्या हातचं पाणी पीत नव्हती, त्या बौद्ध म्हणून. इरम्माच्या लुगड्याला मात्र तिनं सकाळीच डोळे पुसले होते. या दोन गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी कशा राहतात, हे मला अजून कळलेलं नाही. बहुतेक त्याही एकमेकींच्या हातचं पाणी पीत नसतील.

आईशी वाद घालून उपयोग नव्हता. लुगडं लावायचं म्हणजे लावायचं. मी ठरवलं, लावू, पण उकळून लावू. कुणाला सांगायचं नाही.

आता उकळायला पाणी पाहिजे. त्र्याहत्तरचा चैत्र होता. गावच्या विहिरीत चिखलाचं दर्शन व्हायचं. टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि घरटी दोन घागरी मिळायच्या, त्याही पिऊन पुरत नसत. पाणी रोज यायचं ते फक्त आमच्या सहकारी दूध संस्थेला. मी तिथं कॅन धुवायला होतो. चांगल्या साली गाव वीस कॅन दूध घालायचं म्हणून वीस कॅन उकळत्या सोड्याच्या पाण्यानं धुवावेत असा ठराव झालेला. दुष्काळात निम्मी जनावरं छावणीला गेली, काही बाजारात गेली, दूध दोन कॅनवर आलं. ठराव वीसवरच राहिला. मी रोज दोन दुधाचे आणि अठरा कोरडे कॅन धूत होतो. अठरा कॅन वर्षभर दुधाशिवाय अंघोळ करत होते. धुऊन उरलेलं गरम पाणी ओतून द्यायचं, असाही ठराव होता, कारण पाण्याचा गैरवापर होऊ नये.

मी चेअरमनकडं गेलो. महांतप्पा अप्पा मनानं वाईट माणूस नाही. ठरावाच्या बाहेर असलेलं त्यांना दिसत नाही एवढंच. मी म्हणालो, बाळंतपणाला दोन घागरी गरम पाणी द्या, कसंही ओतूनच देतोय. त्यांनी ठरावाचं पुस्तक काढलं, वाचलं, परत वाचलं, आणि त्यांचा जीव खरंच हळहळला.

"बिरू," ते म्हणाले, "तुझी बायको कॅन असती तर काय बी अडचण न्हवती."

म्हणून दुपारी सगळे जेवायला गेल्यावर, कॅन धुऊन झाल्यावर, उरलेल्या पाण्याखाली मी परत जाळ केला आणि लुगडं कढईत सोडलं. आधी ते बुडेना. मग बुडालं. मग जो वास उठला त्याचं वर्णन मी करणार नाही, कारण तुमच्या घरी बाळ येणार आहे. संस्थेच्या आवारात दोन कुत्री झोपायची, ती उठून गेली आणि परत कधी आली नाहीत. वर जाड साय आली. वीस वर्षांतली सगळी बाळंतपणं एकामागून एक वर येत होती. मी काठीनं ढवळलं. काठीला काठ लागला. लुगडं लागलं नाही. कापड कधीच संपलं होतं, नुसती घाण घाणीला धरून उभी होती. सोड्यानं तिचा हात सोडवला.

कढई मी मातीनं सात वेळा घासली, राखेनं तीन वेळा, आणि ती नको म्हणेपर्यंत घासत राहिलो.

घरी येऊन केशरला सांगितलं. तिला दिवस भरत आलेले. मला वाटलं रडेल. तिनं ओला काठ हातात घेतला, उलटापालटा केला आणि आधी एवढंच विचारलं, "मामींना ठाव हाय का?" आईला न्हाय, म्हणालो. मग लुगडं शेजारच्या अडलेल्या शेळीला दिलंय असं तिनं आईला सांगून टाकलं आणि मला काम सांगायला सुरुवात केली.

माझं जुनं धोतर फाडलं, कारण जगात त्याहून मऊ काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते संस्थेत दोनदा उकळलं. मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळलं, त्याला बरोबर जुन्या लुगड्याचा रंग आला. उभं राहायला पाहिजे म्हणून ज्वारीच्या पेजेची खळ दिली. वासासाठी हिंग, लसूण आणि मेथ्या एकत्र उकळून त्या पाण्यात भिजवलं. जुना काठ तेवढा वेगळा अर्धा दिवस उकळला आणि धोतराला टाचला. मग उन्हात. दुष्काळात ऊन मागावं लागत नाही, ठरावही लागत नाही. माझ्या आयुष्यात मी घाण धुण्याचं काम केलं होतं, स्वच्छ घाण तयार करायचं काम पहिल्यांदाच. ते जास्त अवघड आहे.

बेस्तरवारी भिमाबाईंनी हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, वास वाईट आहे, पण नुसता वासच आहे. चालेल.

मंगळवारी दुपारी केशरला कळा सुरू झाल्या. मी सायकल मारून जळकोटला गेलो आणि भिमाबाईंना मागं बसवून आणलं. ब्लेड, दोरा, फडकी सगळं बांधलेलं होतं. केशर आत होती, भिमाबाई हात धूत होत्या, टँकरच्या त्या दोन घागरींतल्या पाण्यानं. आई लुगडं आणायला कोपऱ्यात गेली. उचललं, नाकाजवळ नेलं, थांबली. परत हुंगलं.

"वास कमी झालाय," ती म्हणाली. "लई दिवस बसून हाय. गुण उतरला असंल."

आणि ती शेळ्यांच्या वाड्याकडं निघाली. तिथल्या ओल्या जमिनीवर चार वेळा घोळसलं की गुण परत चढेल, असं ती जाता जाताच सांगत होती. रागानं नाही. मायेनं सांगत होती. नातवासाठी तिला घाण कमी पडू द्यायची नव्हती.

मी दारात आडवा झालो. मला सांगता आलं असतं की हे लुगडंच नाही, धोतर आहे. मग ते कायमचं गेलं असतं आणि आईनं इरम्माकडं जाऊन त्याहून भयंकर काहीतरी आणलं असतं. गंमत करावी तर एकही सुचेना, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

"आई," मी म्हणालो, "मागल्या खेपेला त्याचं तोंड मिटलं व्हतं. केशर दूध पाजायला बसायची आणि त्ये ओठावरनं खाली सांडायचं. दात न्हवते त्याला, तरी जबडा उघडत न्हवता. म्या बोटानं उघडून बघितलंय. तू बघितलं न्हाईस. त्ये राखंनं आन् शेणानं झालंय. घोळसू नगंस."

आई लुगडं धरून उभी राहिली. वाड्यात शेळी ओरडली. आतून केशरनंही हाक मारली, बहुतेक मलाच.

"लुगडं घरात आल्यापास्नं तू मला ह्ये सांगितलं न्हाईस," आई म्हणाली.

"सव्वा वरीस सांगितलं न्हाय."

तिनं लुगडं माझ्या हातात दिलं. मग आपले दोन्ही हात बघितले, उलटे करून नखं बघितली, आणि भिमाबाईंपुढं जाऊन हात पुढं केले. भिमाबाईंनी त्यांवर पाणी ओतलं. साबण लावला. परत ओतलं. आईनं ते पाणी हातावर घेतलं आणि नको म्हणाली नाही.

तासाभरात मुलगी झाली. ब्लेड नवं, दोरा उकळलेला, बेंबीला काही नाही. पुसली, माझ्या धोतरात गुंडाळली, केशरजवळ दिली. हिंगाचा वास येत होता. मुलगी फोडणीसारखी तडतडत होती.

त्यानंतर आठ दिवस मी कॅन नीट धुतले नाहीत. रोज तीन-चार वेळा घरी यायचो, हात धुवायचो, करंगळी तिच्या ओठाला लावायचो आणि ती ओढतेय का बघायचो. सातव्या दिवशी मी जास्त वेळा गेलो. आठव्या दिवशी गेलोच नाही, संस्थेच्या पायरीवर बसून राहिलो. शेवटी आईच आली. पदर न सावरता चालत आली, त्यामुळं मला उठता येईना. म्हणाली, ओढतीय, केशरला चावून काढलंय, तू येऊन तुझं बोट दे. नवव्या दिवशीही ओढत होती. आता तर सापडेल ते ओढते.

लुगड्याचा भाव वाढला. धुरपताबाईच्या सुनेची दुसरी जगली म्हटल्यावर ते आधीपेक्षा जास्त मागितलं जातं. प्रत्येक घरी जाण्याआधी आणि आल्यानंतर आम्ही ते उकळतो, खळ देतो, हिंगाचं पाणी देतो. इरम्मा ते बघून डोळ्याला पदर लावते, माझंच हाय म्हणते.

आता राहिली एक अडचण. लेकरू बघायला गाव येतं. हात धुऊन घेतो आम्ही, आई दारात तांब्या घेऊनच बसते. पण तोंडांचं काय करावं. तंबाखूचं तोंड, मिश्रीचं तोंड, काल खाल्लेल्या कांद्याचं तोंड. कुणी कानात फुंकर मारतं, कुणी मुके घेतं, कुणी दृष्ट लागू नये म्हणून थू थू करतं आणि खरंच थुंकतं. तिघांना मी समजावलं. तिघांनीही माझं बोलणं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि परत तिच्या तोंडाला तोंड लावलं. म्हणून खालील अर्ज जिल्ह्याला रवाना केला आहे.

मा. आरोग्य अधिकारी साहेब यांचे सेवेशी. अर्जदार बिरू, राहणार मौजे वरीलप्रमाणे, सविनय अर्ज करतो ऐसा जे, अर्जदाराचे घरी कन्यारत्न असून तिचे वय अद्याप चाळीस दिवसांचे आत आहे. तरी सदर कन्या सहा महिन्यांची होईपर्यंत गावातील सर्व इसमांची तोंडे, चेअरमन यांचेसह, सरकारी खर्चाने बंद करून मोहोरबंद करण्यात यावीत, जेवणापुरती दोन वेळा पंचांसमक्ष उघडण्याची तजवीज ठेवावी, आणि केलेल्या कार्यवाहीचा अहवाल अर्जदारास टपालाने मिळावा, ही नम्र विनंती.